पॅटिसची गाडी आणि माझं स्थळ

घाणा तळून झाला की कढईच्या तळाशी बेसनाचा चुरा साठतो. झाऱ्यानं तो वेळेवर काढला नाही तर जळतो, आणि पुढच्या सगळ्या घाण्यांना कडवट वास लागतो. किश्श्यांचंही तसंच असावं. आमच्या गाडीवर दिवसाला दोन-चार तरी किस्से घडतात. बाकीचे ते लगेच चहाबरोबर सांगून मोकळे होतात. मला चारचौघांत बोलायला जमत नाही, त्यामुळे माझ्याकडे ते नऊ वर्षं नुसते साठत गेलेत. आज थोडे काढून टाकतो.

आधी गाडी कुठली ते सांगतो. चाकणला, कंपन्यांच्या बसेस जिथं माणसं सोडतात त्या चौकात मामाची गाडी लागते. मी नववीत शाळा सोडली आणि थोडी वर्षं इकडं-तिकडं करून परभणीकडून मामाकडे आलो. तेव्हापासून पीठ आणि गप्पा मामा बघतो, कढई मी बघतो.

आमच्याकडे एकच वस्तू मिळते. ब्रेड पॅटिस. दोन स्लाइसमध्ये बोटभर जाडीची बटाट्याची भाजी, वरून बेसन, खरपूस तळायचं, सुरीनं चार तुकडे करायचे, सोबत मीठ लावलेली तळलेली मिरची. एक खाल्लं की माणूस जेवणाच्या सुट्टीपर्यंत मशीनवर उभा राहतो. दोन खाल्ले की डबा तसाच घरी जातो आणि बायको विचारते, "कुठं खाल्लंत?"

आणखी एक सांगायला हवं. माझं वय सत्तावीस आणि माझं लग्न जमत नव्हतं. शिक्षण नववी, काम गाडीवर, तोंडातून शब्द निघत नाही. कोण देणार मुलगी? गाडीवरच्या निम्म्या गप्पा याच विषयावर चालायच्या, त्यामुळे तो मध्येमध्ये येणारच.

* * *

देशपांडे साहेब आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. राहायला संत तुकाराम नगरात, कंपनीत क्वालिटीला. दुसऱ्यांच्या खिशात पेन असतो, साहेबांच्या खिशात व्हर्निअर. पार्टची जाडी मोजायचं ते हत्यार कंपनीत ठेवून यावं की नाही? नाही!

एकदा पॅटिस हातात घेतलं आणि साहेबांचा चेहरा बदलला. खिशातून व्हर्निअर काढला, पॅटिसला लावला.

"अठ्ठावीस," साहेब म्हणाले. "काल बत्तीस मिलिमीटर होतं."

मामा म्हणाला, "साहेब, काल बटाटा ओव्हरटाइमला होता!"

सगळे हसले. साहेब नाही हसले. "चेष्टा नको, मोहनराव. प्रोसेसमध्ये व्हेरिएशन आहे."

मामाला ते लागलं. दुसऱ्या दिवशी त्यानं पट्टी लावून भाजी भरली आणि साहेब बसमधून उतरल्या उतरल्या त्यांच्यापुढं पॅटिस धरलं. "मापा!"

साहेबांनी मापलं. बत्तीस. दुसरं मापलं. बत्तीस. तिसरं. बत्तीस! मामानं छाती फुगवली. "बोला आता."

साहेबांनी एक तुकडा खाल्ला. सावकाश चावला.

"माप बरोबर आहे," ते म्हणाले. "पण चव कालच्या अठ्ठावीसचीच बरी होती!"

* * *

शेलार अण्णा इथलेच, गावातले. त्यांच्या शेताच्या जागी आता कंपनीचं पार्किंग आहे. अण्णांच्या पाच खोल्या भाड्यानं आहेत आणि दिवसभर काही काम नाही. पांढरी टोपी, पांढरा सदरा, आणि सकाळी पहिला घाणा उतरायच्या आत गाडीपाशी हजर.

मध्यंतरी डॉक्टरांनी त्यांना तेलकट बंद केलं. अण्णा तरी आले.

मामा म्हणाला, "अण्णा, डॉक्टर काय म्हणाले?"

"त्येल खाऊ नगा म्हनला. बटाटा खाऊ नगा आसं न्हाई म्हनला." अण्णांनी पॅटिस घेतलं आणि संत्रं सोलावं तसं त्याचं वरचं बेसन सोलून काढलं. तेल प्यालेली पापडी बाजूला कागदावर ठेवली आणि आतला ब्रेड, भाजी खाल्ली. आम्हाला खूप कौतुक वाटलं. या वयात एवढा संयम!

मी कागद उचलून टोपलीत टाकायला गेलो तर अण्णा ओरडले, "आरं, टाकू नगं! ऱ्हाऊ दे. कुत्र्याला घालतो."

मी आजूबाजूला बघितलं. चौकात एकही कुत्रं नव्हतं. मामानं विचारलं, "अण्णा, कुत्रं कुठंय?"

अण्णांनी आधी रस्त्याच्या या टोकाला बघितलं, मग त्या टोकाला. मग पापडी उचलली.

"न्हाई आलं," म्हणाले, आणि खाऊन टाकली.

* * *

सुनीताताई गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर काम करतात, देशपांडे साहेबांच्याच कंपनीत. लाइनवरच्या बायकांचं नेतृत्व त्यांच्याकडे आणि माझ्या लग्नाचं कंत्राटही त्यांच्याकडेच. मला "भावा" म्हणतात आणि भावाला झापावं तसं झापतात.

त्यांच्या कंपनीत एक नियम आहे. प्रत्येक वस्तूला जागा ठरलेली. जी वस्तू जागेवर नाही आणि जिचा मालक सापडत नाही, तिला लाल चिठ्ठी बांधायची, चिठ्ठीवर नोंद करायची आणि तिचं काय करायचं ते वरिष्ठांनी ठरवायचं.

एका ऑडिटच्या दिवशी ताईंनी लाइनवरच्या बायकांसाठी सहा पॅटिस नेले. ऑडिटर यायच्या आत खायचे होते, पण तो लवकर आला! घाईत ताईंनी पुडा रॅकवर वायरच्या बंडलांमागं ठेवला आणि जागेवर जाऊन उभ्या राहिल्या.

ऑडिटर रॅकजवळ आला आणि थांबला. पॅटिसचा वास काय लपतो? पुडा सापडला. "हे कुणाचं?" सगळ्या बायका वायरकडे बघत राहिल्या. शेजारी देशपांडे साहेब. साहेबांना पुडा कुठला, कुणाचा, किती गरम, सगळं माहीत. पण नियम म्हणजे नियम. त्यांनी खिशातून लाल चिठ्ठी काढली आणि लिहिलं :

"वस्तू : पॅटिस. नग : सहा. मालक : अज्ञात. कारवाई : गार होण्याआधी करावी."

ऑडिटरनं चिठ्ठी वाचली, मान डोलावली आणि दोघं पुडा घेऊन केबिनमध्ये गेले. अर्ध्या तासानं चिठ्ठी परत आली. सहा खोडून तिथं शून्य केलं होतं आणि शेजारी दोघांच्या सह्या!

संध्याकाळी ताई गाडीवर आल्या त्या तावातावानंच. "मामा, आधी सहा पॅटिस द्या. आमचे सहा कागदावर आहेत, पोटात नाहीत!"

* * *

आता माझ्या बायोडेटाचं.

तो मामानं लिहिला होता. 'शिक्षण' पुढं मामानं फक्त एक आडवी रेघ मारली. 'व्यवसाय' पुढं लिहिलं : फूड इंडस्ट्री, चाकण. मी म्हणालो, "मामा, हे बरोबर नाही." मामा म्हणाला, "फूड हाय का? हाय. चाकण हाय का? हाय. मग?"

काळेवाडीचं एक स्थळ होतं. फोनवर बोलणं बरं झालं. पुढच्या शनिवारी एक गृहस्थ स्कूटरवरून आले. इस्त्रीचा शर्ट, डोळ्यांवर चष्मा. एक पॅटिस घेतलं, खाता खाता मामाला विचारलं, "अहो, इथं फूड इंडस्ट्री कुठं आहे? उमेश म्हणून मुलगा आहे तिथं. जरा चौकशी करायची होती."

माझा झारा हवेतच राहिला. मामा मिरच्यांना मीठ लावत राहिला. मग म्हणाला, "काका, तुम्ही तिच्या गेटवरच उभे आहात."

त्यांनी कढईकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग हातातल्या पॅटिसकडे.

"तुम्हीच का उमेश?"

मी मान हलवली. पण त्यांनी पॅटिस टाकलं नाही. उभ्या उभ्या सगळं संपवलं, मिरचीसुद्धा. हात पुसले, "पॅटिस एक नंबर आहे," म्हणाले आणि स्कूटरला किक मारली. संध्याकाळी निरोप आला. मुलीला नोकरीवाला पाहिजे.

त्या दिवशी मी एक घाणा करपवला. नऊ वर्षांत तेवढा एकच.

पुढच्या शनिवारी बघतो तर तेच गृहस्थ, तीच स्कूटर! मामा कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "आता काय राहिलंय?"

"दोन द्या," ते म्हणाले. "स्थळाचं नाही जमलं. म्हणून पॅटिस कशाला सोडायचं?"

अजून येतात. शनिवारी.

मी मात्र बायोडेटा नवा लिहायला लावला. शिक्षण : नववी. काम : पॅटिस तळतो. सुनीताताईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, "छान. आता कोणी फसणार नाही. आणि कोणी येणारही नाही!"

* * *

पण आलं! ताईंच्या लाइनवरच्या एका बाईंच्या ओळखीतून आळंदीचं स्थळ आलं. वडील रिक्षा चालवतात, मुलगी बारावी झालेली, घरी ब्लाउज शिवते. नाव रेखा. त्यांनी नवा बायोडेटा नीट वाचला होता, 'पॅटिस तळतो' यासकट, आणि तरी बघायला या म्हणाले होते.

ताईंनी मला दम दिला. "भावा, मागच्या तीन ठिकाणी तू पाटावर बसवलेल्या गणपतीसारखा बसलास. या वेळी बोलायचं. हे गेलं तर मी दुसरं आणणार नाही."

मग गाडीमागं प्रॅक्टिस सुरू झाली. देशपांडे साहेब मुलीचे वडील झाले. त्यांनी कागदावर वीस प्रश्नांची यादी करून आणली होती, प्रत्येकापुढं बरोबरची खूण करायला चौकोन.

"प्रश्न पहिला. छंद काय?"

मी खूप विचार केला. "कढई घासणे."

साहेबांनी पेन खाली ठेवला. "हा छंद नाही, उमेश. हा मेंटेनन्स आहे."

मग मुलीशी बोलायची प्रॅक्टिस. मुलगी व्हायला कोणी तयार होईना. शेवटी अण्णांनी टोपी काढली, डोक्यावरून उपरणं घेतलं आणि स्टुलावर मान खाली घालून बसले. सात-आठ गिऱ्हाइकं खाणं सोडून बघत उभी.

ताई म्हणाल्या, "अण्णा, आता तुम्ही त्याला काहीतरी विचारा."

अण्णांनी पदर सावरला. "जिमीन किती हाय?"

"अहो अण्णा, तुम्ही मुलगी आहात!"

"मंग? पोरीला नगं का जिमीन?"

मी खाली बघून म्हणालो, "दीड एकर. कोरडवाहू." आजूबाजूच्या गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. बोललो म्हणून!

शेवटी साहेबांनी निकाल दिला. वीसपैकी अडीच. अर्धा मार्क कशाचा, ते त्यांनी सांगितलं नाही.

* * *

रविवारी आम्ही आळंदीला निघालो. साहेबांची कार होती. मामा आणि ताई तर येणारच होते. अण्णांना कोणी बोलावलं नव्हतं, पण आम्ही कारपाशी पोचलो तेव्हा ते आधीच आत बसलेले होते!

दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन एका बाजूला सरकवून सतरंजी टाकली होती. रेखाचे वडील साधा माणूस. त्यांनी विचारलं, "प्रवास नीट झाला ना?" मी मान हलवली. "घरी कोण कोण असतं?" मी मामाकडे बघितलं. मामानं सांगितलं. "गाडी किती वाजता लावता?" हा तर सोपा प्रश्न होता! माझ्या घशापर्यंत उत्तर आलं आणि तिथंच बसलं. सुनीताताईंनी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात रेखाची आई आतून म्हणाली, "बघण्याच्या कार्यक्रमाला सगळेच पोहे करतात. आम्ही म्हटलं, पाहुण्यांच्या मानाचं करावं. पॅटिस केलंय!"

रेखा ताट घेऊन आली. हिरवी साडी, चेहरा गंभीर. आधी वडीलधाऱ्यांना दिलं आणि मग एक बशी माझ्या हातात.

इथं माझी एक सवय सांगायला हवी. गाडीवर प्रत्येक घाण्यातलं एक पॅटिस मी मधून मोडतो. अंगठ्यानं दाबतो, तेल किती प्यायलंय बघतो, आणि जे दिसेल ते मामाला मोठ्यानं ओरडून सांगतो. मामा पिठाशी असतो, ट्रकचा आवाज असतो, ओरडावंच लागतं. दिवसभरात मी बोलतो ते एवढंच. नऊ वर्षांत हात आणि तोंड याला इतके सरावलेत की मला विचारतच नाहीत.

माझ्या हातांनी पॅटिस मोडलं. अंगठ्यानं दाबलं. आणि माझं तोंड, त्या घरात पहिल्यांदाच, उघडलं :

"तेल तापायच्या आत सोडलंय! भाजीत पाणी राहिलंय! पुढचा थांबवा!"

देशपांडे साहेबांचा घास घशातच अडकला. मामा माझ्याकडे असा बघत होता, जणू मी कारमध्ये चुकून बसलेला कोणी परका माणूस आहे. आतून रेखाच्या आईच्या हातातली पळी पडल्याचा आवाज आला. संपलं, मला वाटलं. हेही गेलं. उठून चपला घालाव्यात आणि चाकणपर्यंत चालत जावं.

रेखा जागची हलली नव्हती. ताट हातात तसंच.

"तेलाचं मी आईला म्हणत होते," ती म्हणाली. "अजून तापू दे म्हटलं. तर म्हणाली, पाहुणे आले, सोड लवकर." मग म्हणाली, "भाजी मात्र माझी आहे. पाणी राहिलं असेल. आता काय करायचं तिचं?"

ती मलाच विचारत होती. चेष्टा नव्हती, राग नव्हता. खरंच विचारत होती.

मी म्हणालो, "कोरडी परतायची. मंद आचेवर. पण... आधी बघावी लागेल."

"मग बघा की." ती वळली आणि आत गेली. आत गॅस पेटल्याचा आवाज आला.

मी तसाच बसून. रेखाच्या वडिलांनी मला कोपरानं ढकललं. "जावा. बोलावतीय."

मी गेलो. रेखाची आई खाली पडलेली पळी उचलून बाजूला झाली आणि बाहेर येऊन ताईंजवळ बसली. दोन खोल्यांना मध्ये दार नव्हतं, नुसता पडदा. आतलं मला नीट आठवत नाही. भाजी हातात घेतली तेवढं आठवतं. पुढचं सुनीताताई सांगतात तसं सांगतो.

पाच मिनिटांनी आतून आवाज यायला लागला. एकच आवाज, पुरुषाचा, सलग. पीठ किती सैल हवं. कालचा ब्रेड का बरा. बटाटा गरम असताना का मोडू नये. मिरचीला चीर का द्यायची, नाही तर फुटते. एकदा फुटली होती, एका ड्रायव्हरचा डोळा थोडक्यात वाचला. मध्येच दोघांचं हसणं. परत तोच आवाज. परभणी, आई, नववीत शाळा का सुटली. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, वीस!

अण्णांनी कान टवकारले. "आत कोन बोलतंय?"

देशपांडे साहेबांनी पॅटिसचा तुकडा बशीत ठेवला आणि हळूच विचारलं, "मोहनराव, आपण पाचच जण निघालो होतो ना?"

मामानं बोटांवर मोजलं. परत मोजलं. मग त्याला राहवेना. तो उठला, पडदा बाजूला केला, आत डोकावला. माझ्याकडे बघितलं. गॅसच्या मागं बघितलं. कपाटाच्या आडोशालाही बघितलं. दुसरं कोणी नव्हतं.

रेखा कढईसमोर झारा घेऊन उभी होती. मान वळवली नाही. म्हणाली,

"मामा, बसा तुम्ही. यांचं बोलून झालं की घाणा काढते."